मोटेसारखी जपलेली नाव

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही सरकारनं पाठवलं म्हणून. तोवर वडाळीच्या तलावापेक्षा मोठं पाणी मला ठाऊक नव्हतं. आम्ही अमरावतीचे. आजोबा भिक्षुक, वडील वकील, घरात पाण्याचा संबंध संध्येच्या पळीपुरता. मला वकिली झेपली नाही आणि भिक्षुकी आवडली नाही, म्हणून मी महसूल खात्यात कारकून झालो आणि पूर्णा नदीपासून दोन कोसांवरच्या एका लहानशा कचेरीत जाऊन पडलो. दर्यापूरहून खडखडत येणारी मोटार दिवसातून दोनदा यायची. बाकी चहूकडे काळी जमीन आणि कपाशीची पऱ्हाटी.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वरून हुकूम आला की पूर्णेच्या पुरासाठी एक रबरी नाव मिळणार आहे, इंजिनासकट, आणि ती चालवायला एक माणूस समुद्रकाठी शिकायला पाठवावा. साहेबांनी विचारलं, पोहता कुणाला येतं? मी लहानपणापासून विहिरीत उड्या मारलेल्या. हात वर केला. बाकी कुणी केला नाही, कारण त्यांना अक्कल होती.

कोकणातल्या एका बंदरावर मी तीन आठवडे काढले. शिकवणारा नौदलातून निवृत्त झालेला म्हातारा होता, बारीक, काटक आणि तोंडाचा फटकळ. पहिल्या दिवशी त्यानं मला कमरेइतक्या पाण्यात उभं केलं आणि विचारलं, कसं वाटतं? एक लाट तोंडात गेली होती. मी म्हणालो, आमच्या पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी असंच लागतं. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. तो पट्टा खारपाणाचा आहे, तिथली माणसं जन्मभर खारट पाणी पितात, हे त्याला कुठून माहीत असणार!

त्याच्याकडे नावेला हात लावण्याआधी सगळं तोंडानं म्हणून दाखवावं लागे. नावेचे हवेचे कप्पे तीन, तिन्ही वेगवेगळे, म्हणजे एक गेला तरी दोन तारतात. आधी तिन्ही अर्धे अर्धे भरायचे आणि मग एकेक कडक करायचा, नाहीतर मधला पडदा फाटतो. फुगवली की थोडा वेळ नुसतं थांबायचं आणि कुठं हवा जाते का ते पाहायचं. थंड पाण्यात उतरवल्यावर हवा आकसते, म्हणून पुन्हा पायाचा भाता मारायचा, आणि उन्हात काठावर राहिली तर थोडी हवा सोडायची. इंजिन मागच्या फळीला आवळायचं आणि वर दोरीनंही बांधायचं. पंख्याची एक लहानशी खिळी असते. पंखा कशात अडकला की इंजिन मोडू नये म्हणून ती स्वतः तुटते, तेव्हा खिशात दोन-चार खिळ्या हव्याच. इंजिन कितीही चांगलं असलं तरी दोन वल्ही, नांगर, दोर, पाणी उपसायला डबडं, शिट्टी, ठिगळं आणि ती चिकटवायचं सोल्युशन घेतल्याशिवाय काठ सोडायचा नाही. तरंगायचं जाकीट काठावरच बांधायचं. सगळ्यांनी तळाला बसायचं, कुणी उभं राहायचं नाही. एकट्यानं कधी जायचं नाही. आमच्या नावेत माणसं सहा, म्हणजे सहाच. माझ्या बोलण्यात जरा जरी घाई दिसली तरी म्हातारा शिट्टी फुंकून सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

परत आल्यावरचंही तसंच. गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची, शंखजिऱ्याची पूड चोळून सैल घडी करून ठेवायची. आणि तेल, ग्रीस, पेट्रोल रबराला लागू द्यायचं नाही. लागलंच तर लगेच साबणानं धुवायचं, नाहीतर रबर फुगतं, चिकट होतं आणि जोड सुटतात. हे मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याजवळ आहे. अक्षर फार सुरेख आहे.

नाव रेल्वेनं अकोल्याला आली आणि तिथून ट्रकनं आमच्याकडे. दुसऱ्या महायुद्धातली जुनीच होती, राखाडी रंगाची, पण जोड शाबूत होते. मी ती कचेरीच्या आवारात फुगवली तेव्हा आसपासच्या गावांतून माणसं पाहायला आली. जाकिटांवरून मोठीच मौज झाली. ती आतून सावरीच्या कापसानं भरलेली होती आणि हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. जन्मभर कापूस पिकवणारी माणसं ती. एका शेतकऱ्यानं जाकीट हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "कापूस भिजला का मनाचा दोन मन होते, बाबूजी. हे घालून मानूस तरन का सरळ तळाले जाईन?" सगळे हसले. मी मात्र चिडलो. मला तेव्हा कुणी हसलेलं खपत नसे.

कचेरीचं भांडारघर ज्यांच्या ताब्यात होतं ते शिपाई पन्नाशी ओलांडलेले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे बार्शीटाकळीकडचे, घरची विहीर, आणि अर्धं आयुष्य त्या विहिरीवर मोट हाकण्यात गेलेलं. विहिरीचं पाणी बैलांनी ओढून काढायची ती कातड्याची मोट. मग वाटण्या झाल्या, वावर भावाकडे गेलं आणि मामा शिपाई झाले. बायको नव्हती. एक मुलगी, तीही दिलेली, नेमकी पूर्णेच्या काठावरच्या एका गावी. तिच्यावर त्यांचा जीव होता. एरवी दिवसभर तोंड न उघडणारा माणूस, पण त्या गावचं कुणी कचेरीत आलं की पाणी नेऊन द्यायचा आणि हळूच मुलीची चौकशी करायचा.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरपणाला आली होती. एके दिवशी बापाचा डबा घेऊन कचेरीत आली, कडेवर दीड-दोन वर्षांची पोर. नाव मी वारा खायला आवारात फुगवून ठेवली होती. तिनं पोरीला आत बसवलं, स्वतः काठावर हात ठेवून पाहिला आणि बापाला विचारलं, "बाबा, हे बुडत नाई काय?"

"बाबूजी हायेत ना," मामा म्हणाले. "समुंदरावर शिकून आले ते."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

नाव कशी ठेवायची याचे नियम मी एका मोठ्या कागदावर लिहून भांडारघराच्या भिंतीला चिकटवले होते. भाषा अशी की साहेबांनी वाहवा करावी. तेलाबद्दलचं कलम चौथं होतं. 'वंगण व तैलयुक्त पदार्थांच्या संसर्गापासून सर्वस्वी अलिप्त ठेवावे.' मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अखजी होऊन गेल्यावर एकदा ते त्या कागदासमोर उभे राहून म्हणाले, "बाबूजी, हे काय लिवलं, सांगा ना मले. नाव तं मलेच सांभाळाची हाये."

मी पहिली दोन कलमं वाचून दाखवली. त्यांना काही कळलं नाही. पुन्हा सोपं करून सांगितलं. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळाही आला होता. मी म्हणालो, "मामा, असं समजा, ही तुमची मोट आहे. मोट जशी जपत होता तशी हिला जपा. झालं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग असं सांगा ना जी!" ते म्हणाले.

कातड्याची मोट कशी जपतात हे मला माहीत नव्हतं. अमरावतीत आमच्या घरी नळ होता.

दर महिन्याला नाव बाहेर काढून फुगवायची, कप्पे तपासायचे आणि तसं नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम होता. तो मीच केला होता. जेठात, मृग लागायच्या आधी, मी तो पाळला. पण भाता मारायला तास जातो आणि शंखजिऱ्यानं कपडे पांढरे होतात. आषाढात मी नोंदवहीत 'तपासली, ठीक' असं लिहिलं. श्रावणातही लिहिलं. घडीला हातही लावला नाही. मामा जवळच उभे होते. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नसेल, कारण नाव त्यांनी त्यांच्या परीनं जपली होतीच.

भादव्यात, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, पावसानं तीन दिवस धार सोडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी एक माणूस छातीइतक्या पाण्यातून वाट काढत कचेरीत आला. पूर्णा पात्राबाहेर आली होती, त्याचं गाव चारी बाजूंनी वेढलं गेलं होतं आणि माणसं शाळेच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, चढून बसली होती. ते मामांच्या मुलीचं सासर होतं. गावाचं नाव ऐकताच मामा भांडारघराची किल्ली घेऊन चालू लागले.

आम्ही नाव बैलगाडीत घातली आणि रस्ता पाण्यात शिरत होता तिथं नेली. घडी उलगडताना रबर हाताला चिकट लागलं. करडीच्या तेलाचा वासही आला असणार, पण तो वास आमच्याकडे कुठं नसतो? डोक्याला तेच, भाजीला तेच. पावसाळ्याची ओल असेल असं मी समजलो. मामा म्हणाले, "पाहा, कशी मऊ राह्यली." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी म्हणालो, "छान." मग भाता मारला. तिन्ही कप्पे आधी अर्धे, मग पुरे. फुगवल्यावर थांबून पाहायचं ते मी थांबलो नाही. समोर गाव बुडत होतं.

बाकी सगळं मी शिकवल्यासारखं केलं. इंजिन आवळलं, दोरीनं बांधलं. वल्ही, दोर, डबडं, ठिगळं, खिशात खिळ्या. एक गोष्ट माझी स्वतःचीही होती. समुद्रात बाभळीची कुंपणं नसतात, आमच्याकडे प्रत्येक वावराला असतात, आणि पुराच्या पाण्याखाली ती दिसत नाहीत. म्हणून मी नावेच्या पुढच्या अंगाला जाड गोणपाट दुहेरी शिवून लावलं होतं. आणि मामांना बांबू देऊन पुढं बसवलं होतं, पाण्याखाली चाचपायला. दोघांनी जाकिटं बांधली. काठावरच्या पोलीसपाटलांना सांगितलं की दीड तासात येतो.

गढूळ पाणी, त्यावर ज्वारीचे शेंडे, तरंगणारी खुराडी, एक मेलेला गोऱ्हा. मामा न वळता सांगत होते, "डावीकडं घ्या, कुंपन हाये. आता सरळ. हे विहीर हाये, लांबून घ्या." त्या मुलखातलं एकेक वावर त्यांना मुलीकडे जाता-येता पाठ झालेलं होतं. त्यांच्याशिवाय मी अर्ध्या वाटेतही पोचलो नसतो.

शाळेची भिंत मातीची होती आणि धाबं खाऱ्या मातीचं. वर वीस-बावीस माणसं दाटीनं उभी होती. भिंतीला नाव लागली आणि एकच गलका झाला. मी शिट्टी फुंकली. मी म्हणालो, आम्ही दोघं आणि वर चार, लहान लेकरं दोन मिळून एक. कुणी उडी मारली तर नाव उलटेल. माझा आवाज त्या म्हाताऱ्या नाविकासारखा निघाला आणि माणसं गप्प झाली. त्यांनीच ठरवलं. पाय मोडलेली एक म्हातारी. दिवस भरत आलेली एक बाई. आणि चार लेकरं. त्या चारांतलं एक मामांच्या मुलीचं होतं.

मुलीनं स्वतःच पोर खाली बापाच्या हातात दिली. ती नुसती भिजली होती, घाबरलेली दिसली नाही. मामांनी पोर छातीशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, आनखी एक मानूस बसन काय?"

"नाही मामा. सहा म्हणजे सहा."

"मंग मी थांबतो इथं. तिले घ्या."

"पुढं बांबू धरून कोण बसेल? मला कुंपणं दिसत नाहीत. एकट्यानं नेली तर सगळेच जातील."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सरकारी माणसानं समुद्रावर शिकून आणलेला नियम होता तो. वरून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी जा. दुसऱ्या खेपेले येतो ना मी." वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो. मी इंजिनाची दोरी ओढली.

परत येताना ज्वारीची धाटं पंख्यात गुंतली आणि खिळी तुटली. मी वाकून पाण्यात हात घालून नवी बसवली. तेवढ्यात नाव प्रवाहानं बरीच खाली गेली होती. पुन्हा निघालो तेव्हा डाव्या अंगाला, अगदी पाण्याच्या रेषेवर, बुडबुड्यांची एक रांग दिसली. पाहता पाहता जोड बोटभर उकलला. मग वीतभर. मी सगळ्यांना उजवीकडे सरकवलं, म्हातारीला मध्ये घेतलं, दिवस भरलेल्या बाईला भाता दिला आणि मारत राहा म्हणून सांगितलं. दोन कप्प्यांवर आम्ही काठाला लागलो, पाणी मांडीपर्यंत घेऊन. सगळे उतरले. सातवं माणूस असतं तर कुणीच आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. त्याचा मला कधी उपयोग झाला नाही.

नाव उलटी करून मी ठिगळं काढली. जोड पुसला, कानशीनं खरडला, सोल्युशन लावलं, वारा दिला, ठिगळ दाबून धरलं. सोडलं की ते साय सरकावी तसं सरकून खाली आलं. दुसरं लावलं. तेही आलं. तिसऱ्या वेळी मी नाक रबराजवळ नेलं. मग बोट घासून जिभेला लावून पाहिलं. करडीचं तेल. दोन-अडीच महिने रबरात मुरलेलं. साबणानं धुवायची वेळ कधीच निघून गेली होती.

मामा शेजारी चिखलात गुडघे टेकून बसले होते. एका हातानं नात धरलेली, दुसऱ्या हातानं उकललेला जोड दाबून. "चिटकवा ना बाबूजी," ते म्हणत होते. "लवकर चिटकवा ना."

मला त्यांना काही विचारायची गरज नव्हती. मृग लागला की मोट उतरवतात आणि पावसाळाभर कातडं कडक होऊ नये म्हणून तिला करडीचं तेल पाजून ठेवतात. हे त्या काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही ते एकदम आठवलं, लहानपणी कुठंतरी पाहून विसरलेलं. मी सांगितलं होतं तसंच त्यांनी केलं होतं, घरचं तेल आणून.

दुसरी नाव अकोल्याशिवाय नव्हती, आणि अकोल्याचा रस्ता पाण्याखाली होता. गावकऱ्यांनी बाजेला रिकामे डबे बांधून तराफा केला. दोन पट्टीचे पोहणारे त्यावर निघाले. प्रवाहानं त्यांना मैलभर खाली नेऊन टाकलं, ते जीव वाचवून परत आले. नावेच्या उरलेल्या दोन कप्प्यांवर मी एकटा निघालो तर पोलीसपाटलांनी मला दंडाला धरून बसवलं. मी फार जोर केला नाही, हेही लिहून ठेवतो.

दुपारनंतर पाऊस उघडला आणि समोरचं दिसायला लागलं. देवळाचा कळस दिसत होता. दोन निंब दिसत होते. शाळा जिथं होती तिथं पाणी होतं. निंबांवर चढलेली माणसं दुसऱ्या दिवशी जिवंत सापडली. मामांची मुलगी त्यांत नव्हती.

मामा रडले नाहीत. नातीला भूक लागली होती, तिच्यासाठी दूध मागत ते काठावरच्या घराघरातून फिरले.

पुढं चौकशी झाली. मी लिहून दिलं की नाव युद्धातली, रबर जुनं, जोड कमकुवत झालेले. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तेलाचं मी लिहिलं नाही. मामांची नोकरी जाईल, शिवाय मुलगी आपल्याच हातानं गेली हे त्यांना कळेल, ते आपण होऊ द्यायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण तेल कुणी लावलं हा प्रश्न निघाला असता, तर ते कुणाच्या सांगण्यावरून हा दुसरा प्रश्न निघालाच असता, आणि तिसरा त्या नोंदवहीतल्या सह्यांचा. भिंतीवरचा तो कागद मी चौकशीच्या आदल्या दिवशी ओला करून खरवडून काढला. चौथं कलम शेवटपर्यंत निघत नव्हतं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की सदर कर्मचाऱ्यानं प्रसंगावधान राखून सहा जीव वाचवले. ते वाचल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी जेवायला लागलो.

माझी बदली अकोल्याला झाली. मामा निवृत्त होऊन नातीला घेऊन भावाकडे गेले. मधल्या काळात मी लग्न केलं, घर मांडलं, आणि पाण्याचं काम पुन्हा कधी अंगावर घेतलं नाही. पुढं मुलं मोठी होऊन मोझरीच्या आश्रमात सहलीला गेली तेव्हाही, रस्त्यात नदी आहे का, हे मी आधी विचारलं. बायको हसली. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

त्याच्या बरीच आधीची, साठच्या दशकातली मधली वर्षं असतील. एके दिवशी मामा माझ्या कचेरीत येऊन उभे राहिले. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. तिला शाळेत घालायचं होतं आणि जन्माचा दाखला हवा होता. गावचं दप्तर पुरात गेलेलं. मी धावपळ करून दाखला मिळवून दिला. चहा दिला, पोरीला बिस्किटं दिली. मामा फार खंगले होते. त्यांना सोडायला मी मोटार स्टँडपर्यंत गेलो, कारण ते लवकर जावेत असं मला वाटत होतं.

बार्शीटाकळीची मोटार यायची होती. आम्ही बाकावर बसलो. पोर समोर खडे खेळत होती. मामा तिच्याकडे पाहत होते.

"बाबूजी, एक गोष्ट इचारू काय? कोनाले इचारली नाई आजलोग."

मी म्हणालो, विचारा.

"तुमी म्हटलं होतं ना, मोटेसारखी जपा. म्या नावेले तेल लावलं होतं. करडीचं. तुमाले सांगतलं नाई, तुमी म्हनान हे काय सांगाची गोष्ट हाये. पन बाबूजी, तेल कमी पडलं. डबा पुरा भरला होता. अखजीले पोर आली, म्हने बाबा, तुमच्याकडचं तेल चांगलं राहते. म्या अर्धा डबा तिले देल्ला. मिरगाले नावेले लावाले बसलो तं एकच हात बसला. मोटेले दोन हात लागतात. एका हातात जोड कोरडे राहतात, मंग उकलतात."

पोर एकेक खडा वर उडवून झेलत होती.

"मी रोज हाच इचार करतो," मामा म्हणाले. "पोरीले तेल देल्लं नसतं, तं पोर वाचली असती काय?"

इतकी वर्षं हा माणूस दर सकाळी उठून, आपण मुलीला अर्धा डबा तेल दिलं म्हणून ती बुडाली, असं समजत होता. ते ओझं मी एका वाक्यात उतरवू शकत होतो. पण तेच वाक्य त्याहून मोठं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणार होतं, जोवर मी त्याच्या पुढचं वाक्य बोलत नाही. पुढचं वाक्य माझ्याबद्दलचं होतं.

"तेल कमी नव्हतं मामा," मी म्हणालो. "त्यात तुमची काही चूक नाही."

"मंग?" त्यांनी विचारलं. "मंग कावून उकलली?"

मोटार आली. लोक दारावर तुटून पडले. मी पोरीला उचलून खिडकीतून आत बसवलं, जागा धरायला. मामा वर चढले, तिच्या शेजारी बसले आणि खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिले. ते निरोप घेत नव्हते, उत्तराची वाट पाहत होते. मोटार सुटेपर्यंत चार-पाच मिनिटं तरी होती. मी हात जोडले आणि उभा राहिलो.

पुढच्याच हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं. आता त्यांना काही सांगून उपयोग नाही, आणि मी भित्रा माणूस असल्यामुळे हे आताच लिहितो आहे. मामा, तेल लावायला तुम्हाला मी सांगितलं होतं. तेलानंच ती उकलली. तुम्ही मुलीला पुरा डबा दिला असता, तर ती दुसऱ्या खेपेला आली असती.